उतारशाळेचा रक्षक

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला तो वाटसरू, त्याला ओलांडून गेलेले याजक व लेवी आणि अखेरीस थांबलेला परका शोमरोनी. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, वाटसरूला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. आमची प्रवचने बहुधा येथेच संपतात. परंतु संत लूकच्या शुभवर्तमानातील दाखला येथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी शोमरोन्याला पुढच्या प्रवासाला निघावे लागते. तो उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दिनार ठेवतो, याची काळजी घे म्हणून विनवतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे वचन देतो.

या रक्षकाकडे कोणी फारसे पाहत नाही. त्याचे नाव दाखल्यात नाही. रात्री जखमी कण्हला तेव्हा उठून त्याला पाणी कोणी दिले, जखमेवरची पट्टी कोणी बदलली, हे प्रभू सांगत नाही. ते आपण समजून घ्यावयाचे आहे.

शुश्रूषेचा इतिहास वाचताना आम्हांला वारंवार वाटत आले आहे की, तो मुख्यतः या अनामिक रक्षकाचा इतिहास आहे. करुणेचा पहिला उमाळा एका अंतःकरणात येतो. पण जखम एका रात्रीत भरत नाही. करुणावंताला झोप येते, त्याला अन्यत्र कामे असतात, कधी तोच आजारी पडतो. म्हणून जबाबदारी दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागते. ती सोपवली की तीन प्रश्न उभे राहतात. दुसऱ्याने ती कोणत्या नीतीने सांभाळावी? न सांभाळल्यास कायद्यासमोर उत्तर कोणी द्यावे? आणि ती नीट सांभाळता यावी यासाठी व्यवस्था कोणी लावावी? परिचारिकेच्या कार्याचा नैतिक, कायदेशीर व व्यवस्थापकीय विचार या तीन प्रश्नांतून वाढत गेला.

व्रताकडून व्यवस्थेकडे

पहिल्या शतकांत रुग्णसेवा हे व्रत होते. इ.स. ३९०च्या सुमारास रोममधील फाबिओला या धनाढ्य स्त्रीने आपली संपत्ती विकून रुग्णालय उभारले आणि ज्यांच्या जखमांकडे इतरांना पाहवत नसे अशांना तिने स्वतःच्या हातांनी धुतले-पुसले, ही हकीकत संत जेरोमने तिच्या निधनानंतर लिहिलेल्या पत्रामुळे आपणांस कळते. त्या काळी नियमावली नव्हती, पाळ्या नव्हत्या. फाबिओलाचे हात होते तोवर सेवा होती.

व्यवस्थेची उणीव ज्याला तीव्रतेने जाणवली, तो स्वतः रुग्ण होता. १५५० साली जन्मलेला कामिलुस दे लेल्लिस हा तापट, जुगारी सैनिक पायावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात आला. तेथील भाडोत्री सेवक रुग्णांना कसे वागवतात, हे त्याने खाटेवरून पाहिले. पुढे त्याने आपल्या सहकाऱ्यांसाठी जे नियम लिहिले, त्यांचे मर्म असे की, एकुलत्या एका आजारी लेकराची आई जशी सेवा करते तशी सेवा रुग्णाची व्हावी. त्याच्या संघाला १५८६ साली मान्यता मिळाली. त्यांच्या झग्यावर तांबडा क्रूस होता. जिवाला धोका असला तरी रुग्णाला सोडावयाचे नाही, हे त्यांचे चौथे व्रत होते. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी संत कामिलुसला परिचारकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

१६३३ साली संत व्हिन्सेंट दे पॉल व संत लुईज दे मारियाक यांनी पॅरिसमध्ये ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या संघाची स्थापना केली, तेव्हा आणखी एक पाऊल पुढे पडले. तोवर धर्मभगिनी म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी स्त्री. व्हिन्सेंटने आपल्या भगिनींना रस्ते व रुग्णांची घरे हाच मठ दिला आणि प्रार्थनेच्या वेळी रुग्णाची हाक आली तर प्रार्थना सोडून जावे, त्यात देवाला सोडणे नाही, असे शिकविले. आजही आपल्या रुग्णालयांत कोणत्याही धर्माच्या परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतात. त्या हाकेच्या मुळाशी या धर्मभगिनींची पिढ्यान् पिढ्यांची सेवा आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव घेतल्यावाचून ही कथा पुढे सरकत नाही. ऑक्टोबर १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी त्या ३८ स्त्रियांसह तुर्कस्तानला निघाल्या. त्या ३८ जणींत १० कॅथॉलिक धर्मभगिनी होत्या, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांपैकी लंडनच्या बर्मंडसी मठाच्या प्रमुख मदर मेरी क्लेअर मूर यांच्याशी अँग्लिकन पंथीय नाइटिंगेलबाईंचा जन्माचा स्नेह जुळला. कारभार चालविण्याची खरी पात्रता आपल्यापेक्षा तुमच्यात अधिक होती, असे नाइटिंगेलबाईंनी त्यांना मोकळेपणाने लिहिले.

१८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शुश्रूषेवरील पुस्तकात लहानसहान व्यवस्थेवर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ साधा आहे. तुम्ही हजर असताना जे करता, ते तुमच्या गैरहजेरीतही होईल अशी तजवीज तुम्हांला करता आली नाही, तर तुमची सारी सेवा वाया जाईल. दिव्याची ज्योत हाती घेऊन फिरणारी देवी म्हणून आपण त्यांचे चित्र भिंतीवर लावले. त्यांना स्वतःला मात्र आपण झोपल्यावर दिवा कोण धरणार याची चिंता अधिक होती. शोमरोन्याने रक्षकाला दोन दिनार दिले त्यामागेही हीच चिंता होती.

नोंदणी आणि उत्तरदायित्व

आपल्याकडे शिक्षित परिचारिकेला समाजाने सहजासहजी स्वीकारले नाही. परक्या पुरुषाला स्पर्श, रात्रपाळी, मलमूत्र हाताळणे या गोष्टी प्रतिष्ठित घरांना हलक्या वाटत. १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणासाठी पुढे आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव शुश्रूषेच्या इतिहासात पहिल्या भारतीय प्रशिक्षित परिचारिकांमध्ये आदराने घेतले जाते. त्यांच्यामागून आलेल्यांत ख्रिस्ती मुलींचा भरणा मोठा होता.

ख्रिस्तसभेतही अडथळे होते. प्रसूतीचे काम धर्मभगिनींनी करू नये असा निर्बंध दीर्घकाळ होता. पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत आणि धर्मभगिनींना हात लावण्याची परवानगी नव्हती. उपचारांवाचून मरणाऱ्या या स्त्रियांचे दुःख डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन यांनी रावळपिंडीहून रोमपर्यंत नेले. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या अ‍ॅना डेंगेल यांनी १९२५ साली वैद्यकीय सेवेसाठी संघ काढला आणि ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने आज्ञापत्र काढून तो निर्बंध दूर केला. आंध्रातील गुंटूर येथे सेवा करणाऱ्या डॉक्टर-धर्मभगिनी मेरी ग्लौरी यांनी १९४३ साली भारतातील कॅथॉलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. नियमापेक्षा माणसाचा जीव मोठा, हे ख्रिस्तसभेलाही कोणीतरी पुन्हा सांगावे लागते.

दरम्यान कायद्याचे पाऊल पडत होते. १९०५ साली रुग्णालयांतील अधीक्षिकांनी लखनौ येथे आपली संघटना बांधली आणि १९०८ साली प्रशिक्षित परिचारिकांची संघटना निघाली. मुंबई प्रांतात १९३५ साली परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा केंद्रीय कायदा, १९६६ साली महाराष्ट्राचा कायदा आणि २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला.

नोंदवहीत नाव असणे म्हणजे काय, हे एका दुःखद खटल्यावरून स्पष्ट होते. १९९३ साली दिल्लीतील एका खासगी रुग्णालयात विषमज्वराने आजारी असलेल्या बालकाला परिचारिकेने भलतेच इंजेक्शन दिले. बालकाचे हृदय थांबले, मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका पात्रताधारक नव्हती, असे पुढे उघड झाले. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले आणि बालकाला साडेबारा लाख व त्याच्या मातापित्यांना त्यांच्या मनोव्यथेबद्दल पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. सुई टोचणारा हात एका व्यक्तीचा होता. पण त्या हाती सुई देणारी व्यवस्था रुग्णालयाची होती. स्वस्तात मिळते म्हणून अपात्र व्यक्तीला नेमणारा व्यवस्थापक त्या खाटेपाशी कधी उभा नव्हता. तरी न्यायालयाने रुग्णालयाकडेच उत्तर मागितले.

परळची ती खोली

नीती, कायदा व व्यवस्था हे तीनही प्रश्न एकाच खाटेभोवती उभे राहिल्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. परळचे के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा रामचंद्र शानबाग ही तरुणी तेथे परिचारिका होती. एका डॉक्टरशी तिचा विवाह ठरला होता. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून ती कपडे बदलण्यासाठी तळघरात गेली असता रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला रक्त व प्राणवायू न मिळाल्याने ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. हल्लेखोराला जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

त्याच १९७३ साली परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आपली आचारसंहिता नव्याने मांडली होती. आरोग्याचे संवर्धन, रोगाचा प्रतिबंध, आरोग्याची पुनःप्राप्ती आणि वेदनांचे शमन अशी परिचारिकेची चतुर्विध जबाबदारी तीत सांगितली होती. परिचारिकेची रुग्णाबद्दलची जबाबदारी जगाने अशी नेटकी मांडली. परिचारिकेबद्दल जबाबदारी कोणाची, हे मात्र त्या तळघरात कोणी ठरविलेले नव्हते. कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली असावी, इतकी साधी व्यवस्था तेथे नव्हती. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला, तो अरुणाच्या उपचारांसाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी.

मग सुरू झाली ती सेवा. चार क्रमांकाच्या वॉर्डालगतच्या लहान खोलीत अरुणा साडेएकेचाळीस वर्षे राहिली. तिला भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे हे काम परिचारिकांच्या हातांतून परिचारिकांच्या हातांत जात राहिले. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर हा हिशेब ४५,००० पाळ्यांहून अधिक होतो. तिला ओळखणाऱ्या मैत्रिणी निवृत्त झाल्या. हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता, त्या मुली तिची सेवा करू लागल्या. ८०च्या दशकात खाट मोकळी व्हावी म्हणून महापालिकेने तिला अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा परिचारिकांनी निषेध करून तो हाणून पाडला. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला गेला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने गौरवाने दखल घेतली. ज्यांनी घरी अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची सेवा केली आहे, त्यांना या एका वाक्याचे वजन कळेल.

न्यायालय आणि ख्रिस्तसभा

२००९ साली पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाला मरण येऊ द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात केली. १९९८ साली त्यांनीच पुस्तक लिहून अरुणाची कहाणी समाजापुढे आणली होती. त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, न्यायालयानेही ती घेतली नाही. रुग्णालयाचे डॉक्टर व परिचारिका यांनी मात्र याचिकेला विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. इंजेक्शन वा तत्सम उपायाने मरण घडविणे बेकायदाच राहिले. कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट मात्र उच्च न्यायालयाच्या संमतीने व ठरावीक पद्धतीने खुली झाली.

या निकालातील एक मुद्दा आम्हांला विशेष मननीय वाटतो. अरुणा बोलू शकत नव्हती. मग तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? कायद्याच्या परिभाषेत तिचा ‘निकटचा मित्र’ कोण? न्यायालयाने उत्तर दिले, ज्यांनी तिला रात्रंदिवस सांभाळले ते रुग्णालयातील सेवक. शुश्रूषेच्या नित्यकर्मातून एक कायदेशीर नाते जन्माला आले. दाखल्याच्या शेवटी प्रभूने विचारले होते की, त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? सर्वोच्च न्यायालयापुढील प्रश्न त्याहून फार वेगळा नव्हता.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पूर्व-वैद्यकीय इच्छापत्रालाही मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची कार्यपद्धती सुलभ केली. ख्रिस्तसभेची भूमिका आपण नीट समजून घ्यावी, कारण तीबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कोणत्याही किमतीवर श्वास चालू ठेवावा असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच भूलतज्ज्ञांपुढे स्पष्ट केले की, असाधारण उपायांचे बंधन रुग्णावर नाही. १९८०च्या घोषणापत्राने व १९९५ सालच्या पोप जॉन पॉल दुसरे यांच्या ‘इव्हांजेलियुम विते’ या परिपत्रकाने हीच शिकवण दृढ केली आणि जाणूनबुजून जीव घेणे त्याज्य ठरविले. परंतु अन्न व पाणी ही, नळीने द्यावी लागली तरी, तत्त्वतः साधारण काळजीच होय, असे पोप जॉन पॉल यांनी २००४ साली सांगितले व रोमने २००७ साली पुन्हा स्पष्ट केले. शरीर ते स्वीकारीनासे झाले तर ते बंधन उरत नाही. येथे आपल्या देशाचा कायदा व आपली शिकवण यांच्यात अंतर आहे, हे ख्रिस्ती परिचारिकेने ओळखून असावे. २०२० साली या विषयावर रोमने जे पत्र प्रसिद्ध केले, त्याचे नावच ‘समारितानुस बोनुस’ म्हणजे दयाळू शोमरोनी असे आहे.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले. तिची जीवनयात्रा कोणी तोडली नाही.

आपल्या दारी

येथे एका मोहापासून सावध राहावे असे आम्हांला वाटते. परळच्या परिचारिकांचा गौरव करून आपण मोकळे होऊ नये. साडेएकेचाळीस वर्षांच्या त्या सेवेवर डोळे भरून येतात, पण तळघरातील त्या संध्याकाळी सुरक्षित खोली असती तर ती सेवा करण्याची वेळच आली नसती. एकाच रुग्णालयाच्या कारभाराने एक परिचारिका गमावली आणि तेथल्याच परिचारिकांनी तिला जपले. भक्ती व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात कामावर असलेल्या तरुण डॉक्टर मुलीची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आरोग्यसेवकांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृतिगट नेमला. अर्धशतकानंतरही प्रश्न तोच होता, विसाव्याची सुरक्षित जागा कोठे आहे?

हे लिहिताना आमचाच एक अपराध आठवतो, तो सांगितल्यावाचून लेखणी पुढे जात नाही. काही वर्षांपूर्वी एका लहानशा दवाखान्याच्या कारभारात आमचा सहभाग होता. तेथील रात्रपाळीच्या परिचारिकेने आपल्या खोलीच्या दाराची कडी मोडल्याचे आम्हांला सांगितले. आम्ही ‘बघू’ म्हणालो. त्या महिन्यात सणाची तयारी होती, पुढच्या महिन्यात छपराचे काम निघाले. तिने तिसऱ्यांदा आठवण केली तेव्हा आमच्या लक्षात आले की, गेले चार महिने ती दाराला खुर्ची लावून झोपत होती. दुसऱ्या दिवशी सुताराने अर्ध्या तासात कडी बसविली. काही अघटित घडले नाही, ही देवाची कृपा. पण त्या चार महिन्यांत दररोज मिस्साबलिदान अर्पण करणारे आम्ही, दाखल्यातील त्या याजकाप्रमाणे, दारावरून पुढे जात होतो.

आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत मुलगी, सून वा बहीण परिचारिका आहे. कोणी मुंबईच्या पालिका रुग्णालयांत, कोणी आखातात, कोणी विलायतेत. त्यांच्या पगाराचा हिशेब आपण विचारतो. त्यांच्या वॉर्डात रात्री एकटीवर किती रुग्ण असतात, हे विचारतो का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये, अशी शिफारस केली. ती शिफारस आपल्या मिशनच्या संस्थांनाही लागू आहे. ‘सेवाभाव’ हा शब्द कमी पगाराच्या आड लपविण्यासाठी वापरला जातो तेव्हा तो शब्द विटाळतो. शोमरोन्याने रक्षकाला केवळ उपदेश केला नाही, त्याने खर्चाचे पैसे आगाऊ दिले व उरलेले देण्याचे वचन दिले.

दाखल्यातील शोमरोनी परत येणार आहे. आमचे वडीलधारे धर्मगुरू त्याच्या ठायी प्रभू येशूला पाहत आणि उतारशाळेच्या ठायी ख्रिस्तसभेला. तो येईल तेव्हा जखमी माणसाची चौकशी करील, यात शंका नाही. आमची अशी समजूत होत चालली आहे की, तो रक्षकाचीही चौकशी करील. ज्याच्या हाती आपण जखमी सोपवला, त्याच्या खोलीच्या दाराला कडी होती का, असे तो आम्हांला विचारील. उत्तर तयार ठेवलेले बरे.